महाबळेश्वरचे चार महिने

हैदराबादेत सकाळी नळ सुटला म्हणजे हंड्यात जे पाणी पडते, त्यात २००४ सालापासून कृष्णेचाही वाटा आहे. नागार्जुनसागराच्या जलाशयातून उपसलेले ते पाणी शंभरांहून अधिक किलोमीटर अंतर कापून, चढावर चढवीत शहरापर्यंत आणले जाते. त्यापूर्वीही हे शहर कृष्णेला परके नव्हतेच. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावणारी मुसी पुढे नलगोंडा जिल्ह्यात वाडापल्लीपाशी कृष्णेलाच मिळते. १९०८ च्या सप्टेंबरात ज्या पुराने हैदराबादेतील हजारो माणसे नेली, त्या पुराचे पाणीही अखेर कृष्णेतूनच समुद्राला गेले. परंतु नळाखाली हंडा धरणाऱ्या किती जणांना ही नदी जेथे जन्मते त्या डोंगराची आठवण होत असेल?

तो डोंगर म्हणजे सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाण्याची धार अखंड वाहते. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम तेथे मानला जातो. त्यांतील सावित्री तेवढी पश्चिमेकडे, कोकणात उतरते. हैदराबादची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट, तर महाबळेश्वरची सुमारे ४,५०० फूट. हैदराबादेत वर्षाकाठी सरासरीने ८०० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे बत्तीस इंच पाऊस पडतो. महाबळेश्वरी त्याच्या सातपट पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एकट्या जुलैमध्येच दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास मजल जाते.

महाबळेश्वरविषयी मराठीत आणि इंग्रजीत लिहिले गेले आहे ते पुष्कळ. परंतु त्यातील बहुतेक लिखाण उन्हाळ्यात आलेल्या माणसांनी केलेले आहे. ही माणसे जूनच्या मध्यावर सामान बांधून खाली उतरत. मागे जी राहत, त्यांनी लिहून ठेवलेले फारसे काही नाही. डोंगराचा खरा इतिहास मात्र त्या न लिहिलेल्या चार महिन्यांत घडला आहे.

इतका पाऊस तेथेच का, हे समजून घेण्यास फार शास्त्र लागत नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे कोकणपट्टी ओलांडतात तो त्यांच्यासमोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. वर चढण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. वर चढताना हवा थंड होते, आणि थंड हवेला तेवढे बाष्प पेलवत नाही. ते सारे ओझे डोंगरमाथ्यावरच रिते होते. पुढे पूर्वेकडे उतरणाऱ्या वाऱ्यांजवळ देण्यासारखे थोडेच उरते. महाबळेश्वरहून पाचगणी अवघी १९ किलोमीटर दूर. परंतु तेथे महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईस आले की तो तीस इंचांवर येऊन ठेपतो, म्हणजे जवळजवळ हैदराबादइतकाच! महाबळेश्वरी दाराबाहेर हात दिसत नाही अशा धुक्यात माणसे बसलेली असताना वाईच्या घाटावर कित्येकदा ऊन पडलेले असते.

या तीस-बत्तीस किलोमीटरांच्या अंतराने इतिहासातही आपले काम केले आहे. १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांची जावळी जिंकून शिवाजी महाराजांनी प्रतापगड बांधविला. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा ऐन पावसाळ्यात महाराज या गडावर येऊन राहिले, आणि खानाचा तळ पडला तो वाईस, कोरड्या बाजूला. हत्ती, तोफा, बाजारबुणगे असा मोठा फौजफाटा घेऊन आषाढ-श्रावणात तो डोंगर ओलांडणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. भेट झाली ती पावसाळा सरल्यावर, १० नोव्हेंबरला. खानाचे सैन्य जावळीत उतरले त्या घाटाचे नावच रडतोंडी. ज्याने ते ठेवले त्याला तेथील वाटेचा अनुभव चांगलाच असला पाहिजे.

इंग्रजांची दृष्टी या माथ्याकडे वळली ती १८२४ साली. साताऱ्याच्या फौजेवरील अधिकारी लॉडविक हा एप्रिल महिन्यात तेथे चढून गेला. एप्रिलमध्ये गेला म्हणूनच त्याला ती जागा स्वर्गासारखी वाटली असावी. जुलैत गेला असता तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. मैदानातील उन्हाळ्याने हैराण झालेल्या गोऱ्या सैनिकांसाठी व अधिकाऱ्यांसाठी आरोग्यस्थान हवे होतेच. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये ती कल्पना उचलून धरली, आणि पुढच्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन ती भूमी कंपनी सरकारकडे गेली. बदल्यात महाराजांना वाई तालुक्यातील खंडाळा हे गाव मिळाले. नव्या वसाहतीस गव्हर्नराच्या नावावरून मालकमपेठ म्हणू लागले. ज्या प्रतापसिंहांनी तेथवर रस्ता करून दिला, त्यांना दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, गादीवरून काढून काशीस पाठविण्यात आले. सौजन्याची परतफेड कंपनीने ही अशी केली.

पुढे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आपल्या लवाजम्यासह उन्हाळ्यात महाबळेश्वरी जाऊ लागला. मुंबईहून येणारे आरंभी बाणकोटच्या खाडीने महाडपर्यंत आणि तेथून पारघाटाने पालखीतून येत. पुढे पुण्याहून वाईमार्गे टांग्यांची रहदारी सुरू झाली. बंगले झाले, ग्रंथालय झाले, दरीच्या काठावरील प्रत्येक टोकाला कोणा ना कोणा साहेबाचे नाव चिकटले. मे महिन्यात मैदानात चाळीस अंशांची काहिली असताना येथे पारा क्वचितच तिशीच्या फार पुढे जाई. मृगाचे ढग दिसू लागले की दारे-खिडक्यांना फळ्या ठोकून ही सारी मंडळी पुण्यास उतरत.

आणि मग मागे राहिलेल्यांचे काम सुरू होई.

पहिले काम घराला कपडे घालण्याचे. महाबळेश्वरचा पाऊस वरून पडतो त्यापेक्षा आडवा अधिक येतो. छप्पर कितीही चांगले असले तरी वाऱ्याच्या बाजूची भिंत चार महिने भिजत राहिली तर ती टिकत नाही. म्हणून डोंगरावरचे उंच वाळलेले गवत कापून, बांबूच्या कामट्यांवर ते दाट बांधून त्याच्या झडी करीत, आणि पश्चिमेकडील भिंती त्या झडींनी वरपासून खालपर्यंत झाकून टाकीत. दुकानांनाही झडी, बंगल्यांनाही झडी. मे महिन्याच्या अखेरीस सारी बाजारपेठ गवतात दडून जाई. आत दिवसाही दिवा लागे. आता गवताची जागा बहुतांशी प्लॅस्टिकच्या कापडाने आणि पत्र्याने घेतली आहे. परंतु झडी बांधण्याची ती घाई अजूनही दर वर्षी दिसते. गवत पाणी पिऊन घेई आणि भिंतीला थोडी हवाही लागू देई. प्लॅस्टिकला ही दुसरी गोष्ट जमत नाही.

दुसरे काम बेगमीचे. धान्य, मीठ, मिरची, रॉकेल, काड्यापेट्या आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाळलेली लाकडे, हे सारे पाऊस लागण्यापूर्वी घरात आले पाहिजे. लाकडे चुलीच्या वरच्या माळ्यावर रचीत. खालच्या धुराने ती कोरडी राहत. इतके करूनही मिठाला पाणी सुटे, काडी ओढली तरी पेटत नसे, चामड्याच्या जोड्यांवर चार दिवसांत हिरवी बुरशी चढे. धुतलेले कपडे उन्हात वाळविण्याची सोय नसल्याने शेगडीवर बांबूची पाटी पालथी घालून तिच्यावर ते शेकीत. लहान मुलांची दुपटी वाळविता वाळविता घरातील बाईची अर्धी रात्र त्या शेगडीपाशीच सरे. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात दोन-तीन अंशांचाच काय तो फरक पडतो. थंडी कडाक्याची नसते, पण ती अंगातून जात नाही. बाहेर पडायचे तर डोक्यावर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले, नाहीतर घोंगडीची खोळ. घोंगडी भिजून जड होते खरी, परंतु भिजलेली घोंगडीही ऊब देते, हे धनगरांना कोणी शिकवावे लागले नाही.

१८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरात महाबळेश्वरच्या डोंगरात राहणारे म्हणून कोळी, कुळवाडी, धनगर आणि धावड या चार जाती-जमातींची नोंद आहे. पैकी धावडांची हकीगत विसरण्याजोगी नाही. धावड म्हणजे लोखंड गाळणारे मुसलमान कारागीर. या डोंगराच्या माथ्यावर जांभ्या खडकाची टोपी आहे आणि त्यात लोहाचा अंश आहे. तो दगड फोडून, मातीच्या भट्टीत लोणारी कोळशाबरोबर भाजून, भात्याने फुंकून हे लोक लोखंड काढीत. भट्टीला कोळसा हवा, आणि कोळशाला झाड. मालकमपेठ वसल्यावर साहेबांना झाडी हवी होती ती सावलीसाठी आणि शोभेसाठी. जंगल राखण्याचे नियम एकामागून एक कडक होत गेले आणि एकोणिसाव्या शतकातच धावडांच्या भट्ट्या विझल्या. विलायतेहून येणाऱ्या स्वस्त लोखंडाने त्यावर कळस चढविला. डोंगर उतारावरील झाडोरा जाळून त्या राखेत नाचणी-वरी पेरणाऱ्या कुळवाड्यांवरही तोच नियम आला.

येथे न्याय करणे सोपे नाही. ती झाडी राखली गेली नसती तर महाबळेश्वरचा माथा आज उघडा पडला असता, आणि उघड्या माथ्यावर दोनशेहून अधिक इंच पाऊस कोसळला असता तर माती कोठे गेली असती हे सांगायला नको. परंतु राखणदारीची किंमत ज्यांनी मोजली ते बंगल्यांत राहणारे नव्हते, एवढे तरी नोंदविले पाहिजे.

मालकमपेठेच्या आणखी काही रहिवाशांना तर तेथे राहण्याची निवडच नव्हती. पेठ वसली त्या सुमारास तेथे एक तुरुंग बांधण्यात आला, आणि मलाक्केच्या सामुद्रधुनीकडील इंग्रजी वसाहतींतून चिनी आणि मलायी कैदी आणून त्यात ठेवण्यात आले. सुमारे १२० कैद्यांची ती जागा होती. विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात वाढलेली ही माणसे सह्याद्रीच्या माथ्यावरील त्या ओल्या गारठ्यात कशी राहिली असतील याची कल्पनाच केलेली बरी. त्यांच्याकडून रस्त्यांची कामे करवून घेत. परंतु त्यांचे खरे कसब बागाईत दिसून आले. ओढ्याकाठच्या जमिनीत वाफे पाडून त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या पिकविल्या, आणि त्यांच्याकडे पाहून स्थानिक लोकही ते शिकले. मालकमपेठेच्या बटाट्याला मुंबईच्या बाजारात पुढे चांगले नाव मिळाले. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. साहेबांची नावे दरीच्या टोकांना मिळाली; या कैद्यांच्या वाट्याला एक धबधबा आला. त्याला आजही चायनामन म्हणतात.

याच साठीच्या दशकात सरकारने लिंगमळ्यास सिंकोनाची लागवड करून पाहिली. हिवतापावरचे क्विनाइन ज्या सालीतून निघते ते हे झाड. दक्षिणेत निलगिरीवर ते रुजले. येथे चार महिन्यांचा मारा आणि त्यापाठोपाठ आठ महिन्यांची कोरड त्याला मानवली नाही, आणि प्रयोग सोडून द्यावा लागला.

कोरड हा शब्द महाबळेश्वरच्या बाबतीत विचित्र वाटेल. परंतु एवढा पाऊस झेलणाऱ्या या गावाला फाल्गुन-चैत्रात पाण्याची चणचण भासत आली आहे. कारण पुन्हा तोच जांभा खडक. त्याला असंख्य छिद्रे असतात. पडलेले पाणी त्यातून झिरपून कड्यांच्या पोटातून बाहेर पडते आणि खालच्या खोऱ्यांत निघून जाते. जे पाणी तेथे थांबत नाही तेच खाली वाईला, सांगलीला, विजापूरच्या शेजारून, आणि शेवटी नागार्जुनसागरास पोहोचते. डोंगरावरच्या बाईने मात्र उन्हाळ्यात झऱ्याशी घागर घेऊन ताटकळत बसावे! १८४२ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी वेण्णेचे पाणी अडवून तलाव बांधविला. पर्यटक त्यात नावा हाकतात म्हणून तो प्रसिद्ध आहे. परंतु मूळ गरज पाण्याची होती. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या निरभ्र रात्री याच तलावाच्या काठी गवतावरचे दव गोठून पांढरे होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून त्याची छायाचित्रे झळकतात.

डोंगरावरील आजचे मुख्य पीक स्ट्रॉबेरीचे. देशातील स्ट्रॉबेरीपैकी ८० टक्क्यांहून अधिक महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात होते, आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु या पिकाची रोपे भर पावसात महाबळेश्वरी तग धरीत नाहीत. परदेशातून आलेली मातृरोपे उन्हाळा-पावसाळ्यात खाली, वाईच्या बाजूस कमी पावसाच्या शिवारांत लावून वाढवितात. त्यांना फुटलेली नवी रोपे पावसाचा जोर ओसरल्यावर वर आणून लावतात. मधमाश्यांचीही तीच गत. जांभूळ, गेळा, पिसा, हिरडा यांच्या फुलोऱ्यावर भरपूर मध देणारी माशी पावसाळ्यात पेटीबाहेर पडू शकत नाही, तेव्हा पाळणारा तिला साखरेचा पाक देऊन जगवितो. २०२२ मध्ये याच तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

अलीकडे पावसाळ्यातही माणसे हौसेने महाबळेश्वरी जाऊ लागली आहेत. हॉटेले उघडी असतात, वेण्णा तलावाचे पाणी रस्त्यावर आले की मोटारी थांबवून छायाचित्रे घेतली जातात. २००१ साली केंद्र सरकारने हा सारा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. तरीही उताराला नवी बांधकामे चिकटलेली दिसतात. त्या उताराचा स्वभाव जुन्या रहिवाशांना ठाऊक होता. झरा जेथे पावसाळ्यात फुटतो तेथे ते घर बांधीत नसत.

या डोंगरावर पडलेले पाणी खाली काय करते याचे दोन दाखले अगदी अलीकडचे आहेत. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री, महाबळेश्वरच्या मुसळधार पावसाने फुगलेल्या सावित्रीने महाडजवळचा इंग्रजी अमदानीतील दगडी पूल नेला, आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या माणसांसह नदीत गेल्या. पाच वर्षांनी, २०२१ च्या २२ जुलैच्या सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हैदराबादेत वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या जवळजवळ तीन चतुर्थांश पाऊस तेथे एका दिवसात पडला. त्याच दिवशी डोंगराच्या पश्चिम पायथ्याकडे, महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळीचा घाट जागोजागी तुटला. स्ट्रॉबेरीसाठी राखलेली शेते आणि भाताची खाचरे दगडगोट्यांनी भरून गेली.

त्या वर्षीही पाऊस ओसरल्यावर शेतांतील दगड वेचून बांधावर रचण्यात आले. धुके विरळ होऊ लागले, भिंतींवरच्या झडी सुटू लागल्या, आणि वाईच्या बाजूने रोपांचे क्रेट भरलेले टेम्पो पसरणीचा घाट चढू लागले.